नखं आठ दिवसांत सुटतात: सिस्टीम निवडताना कुठे गडबड होते

पार्लरमध्ये लावलेल्या कृत्रिम नखांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. क्लायंट आठव्या-दहाव्या दिवशी परत येते. दोन नखं क्यूटिकलच्या (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या) बाजूने उचकटलेली, एका अंगठ्याला मधोमध चीर, आणि खुर्चीत बसायच्या आधीच प्रश्न, "ताई, मागच्या वेळी मटेरियल हलकं वापरलं का?" मग आपण प्रायमर (मटेरियल चिकटावं म्हणून आधी लावायचा द्रव) बदलतो, महागाचा बेस मागवतो, पुढच्या वेळी नख जरा जास्तच घासतो. एवढं करूनही त्याच क्लायंटची तीच नखं पुन्हा सुटतात. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला त्याच डबीतलं, त्याच हातांनी लावलेलं मटेरियल मात्र तीन आठवडे हलत नाही.

एकाच क्लायंटच्या बाबतीत असं वारंवार होत असेल तर दोष बहुतेक वेळा निवडीत असतो. अॅक्रिलिक, हार्ड जेल, बिल्डर जेल, पॉलीजेल, डिप, सॉफ्ट जेलच्या टिप्स, साधी जेल पॉलिश या सिस्टीमपैकी काय लावायचं हे आपल्याकडे क्लायंटच्या मोबाइलमधल्या फोटोवरून ठरतं. फोटोत आकार आणि रंग दिसतो. ते नख किती वाकतं, दिवसातून किती वेळा पाण्यात जातं आणि तीन आठवड्यांनी त्या बाईला परत यायला जमणार आहे का, यांतलं काहीच त्यात दिसत नाही. टिकण्याचा हिशेब मात्र याच तीन गोष्टींवर चालतो. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वडोदऱ्यातले हात आहेत: दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या घरांतल्या काकू, एम. एस. युनिव्हर्सिटीतल्या मुली, अलकापुरीच्या ऑफिसांत दिवसभर कीबोर्डवर असणाऱ्या, आणि नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या सगळ्याच.

सुटलेलं नख काढण्याआधी नीट बघा

क्लायंट तक्रार घेऊन आली की आपला हात लगेच फाइलकडे जातो. थांबा. सुटलेल्या नखावरच कारण लिहिलेलं असतं, आणि घासलं की ते पुसलं जातं. आधी दोन्ही हात उजेडात घ्या, कुठलं नख, कुठल्या बाजूने आणि कुठल्या हाताचं गेलंय ते बघा.

दहाही नखं क्यूटिकलजवळून सुटली असतील तर सिस्टीम बदलून काही होणार नाही. नखाच्या पृष्ठभागाला चिकटलेली मेलेली पातळ कातडी निघालेली नाही, किंवा मटेरियल कातडीला टेकलंय. कातडी हलते, तेलकट असते, तिथून फट पडते आणि फटीत पाणी शिरतं. इथे तयारी सुधारायची.

तयारीतली एक चूक आपल्याकडच्या पार्लरांत फार रुळलेली आहे. आधी कोमट पाण्यात हात बुडवून मॅनिक्युअर, आणि त्यावर लगेच जेल किंवा अॅक्रिलिक. नख पाणी शोषतं आणि थोडं फुगतं. त्या फुगलेल्या नखावर मटेरियल बसतं, मग काही तासांत नख सुकून मूळ आकाराला येतं आणि वरचं मटेरियल आहे तसंच राहतं. चिकटलेली जागा तिथेच ताणली जाते. एन्हान्समेंट, म्हणजे नखावर मटेरियल चढवायचं काम, करायची असेल त्या दिवशी मॅनिक्युअर कोरडीच करा. तसंच, एकाच बैठकीत वॅक्स, तेल मालिश आणि नखं असतील तर नखं सगळ्यांत आधी घ्या. वॅक्सनंतरचं तेल हातभर पसरलेलं असतं, आणि डिहायड्रेटरचा (नखावरचं तेल-पाणी काढणाऱ्या द्रवाचा) एक फेर त्याला पुरत नाही.

फक्त अंगठे सुटत असतील तर लॅम्पकडे बघा. चार बोटं सपाट ठेवली की अंगठा आडवा पडतो, नखाच्या एका बाजूला उजेड कमी पोचतो आणि तिथलं जेल आतून कच्चं राहतं. अंगठे वेगळे क्युअर करा, म्हणजे लॅम्पखाली घट्ट करा, दोन्ही एकत्र, नखं वर करून. फक्त उजव्या हाताची नखं जात असतील (डावखुरी असेल तर डाव्या) तर तो वापराचा मार आहे. तिचा हात दिवसभर काय करतो ते विचारा.

नखाच्या मधल्या भागात, जिथे नैसर्गिक नख बोटापासून सुटं होतं त्या स्ट्रेस एरियात आडवी चीर गेली असेल तर लांबी जास्त आहे किंवा एपेक्स, म्हणजे मटेरियलचा सगळ्यांत जाड उंचवटा, जागेवर नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. रिफिलला, म्हणजे वाढलेल्या जागेत मटेरियल भरायला, क्लायंट पाच आठवड्यांनी आली तर तो उंचवटा साडेतीन-चार मिलिमीटर पुढे सरकलेला असतो, मागचा भाग पातळ आणि पुढचा जड. मग साध्या स्कूटीच्या डिकीला बोट लागलं तरी नख मोडतं. यात मटेरियलचा काही दोष नाही.

आणि अख्खं कवच एकसंध, आतून स्वच्छ, टिचकी मारल्यासारखं निघालं असेल, तर तिथे सिस्टीमचा प्रश्न असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. नख वाकतंय, वरचं कवच वाकत नाहीये. पुढचा भाग याच्याबद्दलच आहे, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

नख वाकवून बघितल्याशिवाय सिस्टीम सांगू नका

क्लायंटचं नैसर्गिक नख बोटाच्या पुढे निदान थोडं वाढलेलं असेल तर त्याची कड आपल्या अंगठ्याने हलकेच खाली दाबा. कडक नख जागचं हलत नाही. मध्यम नख थोडं झुकून परत येतं. मऊ नख सहज वाकतं आणि वाकताना नखाच्या मधोमध पांढरट रेष उमटते. एवढी साधी तपासणी, दहा सेकंदांची, पण ती केल्यावर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आपल्या धंद्यात एक समजूत पक्की बसलेली आहे: नख नाजूक असेल तर सगळ्यांत मजबूत मटेरियल लावा, म्हणजे अॅक्रिलिक. ऐकायला बरोबर वाटतं. पण मऊ नख दिवसातून शेकडो वेळा वाकतं. भांडं उचलताना, बटण लावताना, मोबाइल धरताना. वरचं कवच ताठ असेल तर प्रत्येक वाकण्याचा ताण दोघांच्या मधल्या चिकटलेल्या थरावर येतो, आणि तो थर कधी ना कधी हार मानतो. प्रायमर जास्त लावून चिकटपणा वाढवला तर त्याहून वाईट होतं: कवच सुटतं ते नखाचे वरचे पापुद्रे सोबत घेऊनच. पुढच्या वेळी तेच नख आणखी पातळ, आणखी मऊ. आपण पुन्हा मजबूत मटेरियल लावतो. असं सहा महिने चाललं की क्लायंट म्हणते, एक्स्टेन्शनमुळे माझी नखं खराब झाली. तिचं म्हणणं खरं असतं.

मऊ आणि पातळ नखाला त्याच्यासोबत वाकणारं मटेरियल हवं. रबर बेस (लवचिक बेस जेल) किंवा सोक-ऑफ, म्हणजे अॅसिटोनमध्ये भिजवून काढता येणाऱ्या, बिल्डर जेलचा नैसर्गिक नखावर पातळ थर (ओव्हरले), लांबी आखूड, आणि पहिले दोन महिने एक्स्टेन्शन नाहीच. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला चार ते सहा महिने लागतात, म्हणजे खराब झालेला भाग वाढून निघून जायला तेवढा धीर धरावाच लागतो. क्लायंटला हे पहिल्याच दिवशी सांगा. "काकू, दोन महिने मी तुम्हाला लांब नखं देणार नाही, पण तुमचं स्वतःचं नख वाढवून देते," असं स्पष्ट म्हटलं की बहुतेक जणी ऐकतात. ज्या ऐकत नाहीत त्यांना कार्यक्रमापुरत्या प्रेस-ऑन (चिकटवायची तयार नखं) द्या, चिकट टॅबवर, आणि त्याच रात्री काढायला सांगा.

कडक, जाड, कमानदार नखाला उलट बाजूने बघा. त्यावर रबर बेससारखं मऊ मटेरियल लांब करून चढवलं तर मटेरियल वाकतं आणि नख तसंच राहतं, मग टोकाकडून पापुद्रे सुटतात. इथे अॅक्रिलिक किंवा हार्ड जेल अगदी योग्य. लांबीचा सर्वसाधारण नियम असा ठेवा की बोटापुढे आलेला भाग नखाच्या बोटावरच्या गुलाबी भागापेक्षा जास्त नको. त्याच्या पुढे गेलं की टोकाला बसलेला प्रत्येक धक्का तरफेसारखा मुळापर्यंत जातो, आणि नख आपल्या जागेवरूनच सुटू शकतं. ते दुखणं भरायला महिने लागतात.

चावलेल्या नखांचं वेगळं आहे. तिथे वाकवून बघायला कडच नसते, बोटाचं मांस नखापुढे आलेलं असतं आणि टिप नीट बसत नाही. अशा मुलींना फॉर्म (नखाखाली बसवायचा साचा) लावून जेमतेम एक-दोन मिलिमीटर पुढे येईल एवढंच अॅक्रिलिक किंवा पॉलीजेल द्या, दर दोन आठवड्यांनी बोलवा, आणि लांबी हळूहळू वाढवा. तोंडातली ओल आणि दात हे दोन्ही नखावर येत राहणार, हे धरूनच चाला. पहिल्या महिन्यात एखाददुसरं सुटणार, ते फुकट लावून दिलंत तर क्लायंट टिकते आणि तिची सवयही सुटायला मदत होते.

अॅक्रिलिक, उन्हाळा आणि तो भयंकर वास

अॅक्रिलिकमध्ये द्रव आणि पावडर एकत्र आले की ते हवेतच घट्ट होतं, लॅम्प लागत नाही. घट्ट व्हायचा वेग मात्र खोलीच्या तापमानावर असतो. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. एसी नसलेल्या खोलीत गोळी ब्रशवरून नखावर जाईपर्यंतच आळायला लागते. मग ती नीट दाबली जात नाही, क्यूटिकलजवळ पायरी राहते, आत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि आठ दिवसांत तिथूनच नख उघडतं. उन्हाळ्यात अॅक्रिलिकच्या तक्रारी वाढत असतील तर गोळी लहान घ्या, द्रवाची वाटी झाकून ठेवा, आणि काम सुरू करायच्या बऱ्याच आधी खोली गार करा. हे जमणार नसेल तर त्या दोन महिन्यांत जेल सिस्टीम द्या. उलट थंडीत, सकाळच्या पहिल्या क्लायंटला, मटेरियल वाहतं आणि उशिरा घट्ट होतं. तेव्हा हातही गार असतात. ते आधी थोडे कोमट होऊ द्या.

अॅक्रिलिकच्या द्रवाबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगते. चांगल्या द्रवात ईएमए असतं, म्हणजे एथिल मेथॅक्रिलेट. स्वस्तातला, लेबल नसलेला द्रव कधी कधी एमएमए, म्हणजे मिथिल मेथॅक्रिलेट निघतो. इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने १९७०च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेली नखांची उत्पादनं न्यायालयाच्या मार्गाने बाजारातून काढली. एमएमए ओळखायची लक्षणं आहेत: वास डोक्यात जाणारा, फाइल चालवायला दगडासारखं कडक, आणि अॅसिटोनमध्ये तासभर ठेवलं तरी विरघळत नाही. ते नखाला इतकं घट्ट धरतं की बोट कुठे अडकलं तर कवच मोडण्याऐवजी नखच मुळापासून उखडतं. लेबल नसलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, आणि दुसरीकडून नखं करून आलेल्या क्लायंटच्या हातावर ही लक्षणं दिसली तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. हळूहळू घासून पातळ करा आणि उरलेलं वाढून जाऊ द्या.

जेल: लॅम्प आणि डबी एका घरातली असू द्या

जेलच्या तक्रारींत सगळ्यांत कमी बघितली जाणारी गोष्ट म्हणजे लॅम्प. जेल ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडाने घट्ट होतं, पण प्रत्येक कंपनीचं जेल तिच्या स्वतःच्या लॅम्पवर तपासलेलं असतं. एका कंपनीची डबी आणि दुसरीकडून आणलेला स्वस्त लॅम्प ही जोडी वरून कडक दिसेल असं नख देते, पण आत जेल अर्धकच्चं असतं. असं नख सुटतं ते सुटतंच. त्याहून गंभीर म्हणजे न जुळलेले रेणू कातडीवर जात राहतात आणि अॅलर्जी बसते. एकदा बसलेली ही अॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते, आणि तीच रसायनं दातांच्या सिमेंटमध्ये, काही वैद्यकीय चिकट पट्ट्यांतही असतात. त्यामुळे नखांच्या हौसेपायी लागलेली अॅलर्जी पुढे दाताच्या डॉक्टरकडे आडवी येऊ शकते. एचईएमए हा घटक यात सगळ्यांत पुढे आहे. युरोपियन युनियनमध्ये २०२१पासून एचईएमए असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरायची असा नियम आहे, आणि टीपीओ हा दुसरा घटक तिथे १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांतून बंद झाला आहे. आपल्या डबीवर काय लिहिलंय ते वाचायची सवय लावून घ्या.

क्लायंट "नखांभोवती खाज येते, बोटांची टोकं लाल होतात" असं म्हणाली तर ब्रँड बदलून पुन्हा जेल लावणं हा उपाय नव्हे. मेथॅक्रिलेटची अॅलर्जी असेल तर पॉलीजेल, अॅक्रिलिक, बिल्डर यांत थोड्याफार फरकाने त्याच कुळातली रसायनं असतात. सगळं काढा, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा, आणि तोवर काहीही लावू नका.

पातळ नखांच्या क्लायंटला लॅम्पमध्ये चटका बसतो, तो जेल घट्ट होताना सुटणाऱ्या उष्णतेमुळे. जाड थर एकदम दिला की चटका जास्त. हात बाहेर काढून पुन्हा आत घालायला सांगा, थर पातळ द्या, लॅम्पला कमी उष्णतेचा मोड असेल तर तो वापरा. "थोडं सहन करा" म्हणू नका. त्या उष्णतेनेही नख आपल्या जागेवरून सुटतं.

बाकीच्या सिस्टीम थोडक्यात. हार्ड जेल अॅसिटोनमध्ये विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं, म्हणून ते फक्त नियमित येणाऱ्या क्लायंटला द्या. पॉलीजेल आकार द्यायला निवांत वेळ देतं, वजनाला हलकं, आणि नवीन शिकणाऱ्या मुलींच्या हातून नीट होतं. डिप पावडरीत चिकटवणारा भाग सायनोअॅक्रिलेट असतो, पाण्यात सतत जाणाऱ्या हातांना ते माझ्या मते बरं नाही. शिवाय एकाच डबीत सगळ्यांची बोटं बुडवू नका, पावडर वरून ओता. सॉफ्ट जेलच्या पूर्ण टिप्स दिसायला सुंदर आणि झटपट, पण टिपचा घेर क्लायंटच्या नखाच्या घेराशी जुळला नाही तर कडांना पोकळी राहते. दोन आकारांच्या मध्ये अडकलात तर मोठी टिप घेऊन कडा घासा, छोटी दाबून बसवू नका.

हात दिवसभर काय करतो

स्वयंपाकघरात राबणाऱ्या काकूंना सगळ्यांत जास्त निराश मीच काय, सगळ्याच पार्लरवाल्या करतात, कारण त्यांना लांब नख विकलं जातं. कणिक मळताना नखाखाली पीठ जातं, भांड्यांच्या साबणाने नख सतत ओलं-कोरडं होतं, हळद वरच्या कोटावर बसते. त्यांना बिल्डर जेल, बोटाबरोबर किंवा जेमतेम पुढे, गोल आकार, कड नीट बंद केलेली. रंग फिका नको. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण फिक्या गुलाबीवर तो पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरतो. भांडी घासताना हातमोजे घाला असं सांगा, आणि आतून कापड असलेले सांगा, म्हणजे घाम कमी येतो.

फाइन आर्ट्समध्ये शिकणाऱ्या, माती-प्लॅस्टरमध्ये हात घालणाऱ्या मुलीला एक्स्टेन्शन देऊच नका. प्लॅस्टर नखातला ओलावा ओढून घेतं, मातीचं पाणी फटीत बसतं. साधी जेल पॉलिश, आखूड नख, रोज रात्री तेल.

नर्स असेल तर तिथे चर्चा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हातांच्या स्वच्छतेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाशी थेट संपर्क असताना कृत्रिम नखं नकोत आणि नैसर्गिक नखाचं टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावं असं म्हटलंय. लग्नासाठी दोन दिवसांची सुट्टी असेल तर प्रेस-ऑन द्या.

गरबा हा आपल्या गावचा खास विषय. तीन ताळीत तळहात तळहातावर आपटतात, चुटकी वाजवताना अंगठा आणि मधलं बोट घासतात, आणि नऊ रात्री घाम. मधल्या बोटाचं टोक आणि अंगठा, हीच दोन नखं गरब्यानंतर मोडलेली दिसतात. लांब, टोकदार किंवा कॉफिन (निमुळता, टोकाला सपाट) आकार नवरात्रात देऊ नका. बदामी किंवा गोल, मध्यम लांबीखाली, आणि मध्यम-कडक नखावर अॅक्रिलिक किंवा पॉलीजेल. चणियाचोळीच्या आरशांत आणि लोकरीत अडकणार नाही अशा कडा गुळगुळीत करा, वर उंच खडे लावू नका. आणि हे काम घटस्थापनेच्या दिवशी न करता तीन-चार दिवस आधी करा, म्हणजे एखादं नख कुठे बोचतंय का ते गरब्याआधीच कळतं.

लग्नसराईत क्रम महत्त्वाचा. नखं मेंदीच्या आधी करा, कारण मेंदी काढल्यावर हात घासले, स्पिरिट लावलं की रंग उतरतो. मेंदीवाल्या ताईंना नखांवर मेंदी येऊ देऊ नका असं नवरीनेच सांगायचं. मेंदीनंतर लावायचं निलगिरीचं तेल नखांच्या मुळाशी साचू नये. हळदीच्या दिवशी नखावर हळद लागली तर वाळू न देता लगेच पुसायची. नवरीला मी हार्ड जेल सहसा देत नाही. लग्नानंतर ती कुठल्या गावी जाईल आणि तिथे ते कोण काढेल, हे माहीत नसतं.

याच कारणासाठी डिसेंबरात परदेशातून लग्नांना येणाऱ्या मुलींना सोक-ऑफच सिस्टीम द्या. त्या तीन आठवड्यांत परत जातात, तिथे रिफिल महाग असतं, आणि शेवटी त्या दातांनी उपटून काढतात. तिकडून येताना त्यांच्या बोटांवर आधीच काही असेल तर एका नखावर अॅसिटोनचा कापूस ठेवून बघा. पंधरा-वीस मिनिटांत मऊ झालं तर सोक-ऑफ. काहीच झालं नाही तर हार्ड जेल किंवा त्याहून वाईट. त्यावर आपलं मटेरियल चढवू नका.

आधी विचारायच्या गोष्टी

गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारायला आपण लाजतो, पण विचारायला हवं. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या मुलींची नखं यूव्ही उजेडाने जागेवरून सुटू शकतात. त्यांना गोळ्या संपेपर्यंत लॅम्पचं काही देऊ नका. आयसोट्रेटिनॉइनने नखं ठिसूळ होतात, कडेची कातडी सुजते. केमोथेरपी चालू असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. मधुमेह असेल तर ड्रिल क्यूटिकलपासून दूर, कारण छोटी जखमही उशिरा भरते. सोरायसिस असलेल्या नखाला घासण्याचा मार लागला की तो आजार तिथेच वाढतो. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर नखं उतरवून द्या, कारण ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाच्या नखावर लावतात.

सुटलेल्या मटेरियलखाली हिरवट डाग दिसला तर तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो, फटीत साचलेल्या ओलीतून आलेला. त्यावर रंग लावून झाकायचं नाही. सगळं काढा, नख कोरडं ठेवायला सांगा, डाग वाढत असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टर. आणि ती फाइल फेकून द्या.

कार्डावर काय लिहायचं

प्रत्येक क्लायंटचं एक कार्ड ठेवा. नाव आणि फोन तर असतोच, त्याखाली: नख मऊ-मध्यम-कडक, रोजचं काम, आधी कुठली सिस्टीम होती, कुठलं बोट कुठून सुटलं, चालू औषधं, पुन्हा कधी येणार. दुसऱ्यांदा तक्रार आली की कार्ड काढून बघा. तेच बोट, तीच जागा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रायमर, ब्रँड, लांबी आणि सिस्टीम सगळं एकदम बदललं तर टिकलं तरी का टिकलं ते कळत नाही.

खात्री नसेल तेव्हा मी दोन सिस्टीम एकाच क्लायंटवर लावून बघते. एकाच हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाला बिल्डर जेल, उरलेल्यांना तिची नेहमीची सिस्टीम, सगळ्यांवर एकच रंग, एकच लांबी. दोन आठवड्यांनी बोलवायचं आणि नखं काढण्याआधी कडा भिंगाखाली तपासायच्या. दोन्हींत फरक दिसला तर पुढची सिस्टीम ठरली. फरक नसेल आणि सगळीच क्यूटिकलजवळून उघडत असतील, तर पुढच्या वेळी तयारीला दहा मिनिटं जास्त द्या आणि मटेरियल तेच ठेवा.